तेरावा दिवस

आज तेरावा दिवस. उद्या बोट काठाला बांधायच्या खुंट्या उपटायच्या.

माझी नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी लांब, अरुंद बोट, इंग्लंडमधल्या केनेट अँड एव्हन कालव्यावर असते. रुंदी जेमतेम सात फूट, पण घर ते घरच. बोटीसाठी कायमची जागा घेतलेली नाही. त्यामुळे १९९५च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही. कालवा गोठला, इंजिन बसलं, असं काही सबळ कारण असेल तर मुदत वाढते. गंमत म्हणजे किती मैल जायचं, हे कायद्यात लिहिलेलंच नाही! पण दोन झाडं पुढे सरकून भागत नाही, प्रवास खरा हवा.

गेल्या महिन्यात बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर गेला, तेव्हा मेकॅनिकच्या बिलाचा फोटो पाठवून आठवडाभर मिळवला. त्यातच पावसाने काठ भुसभुशीत झालेला. एक बोट भरधाव गेली, मागची खुंटी चिखलातून सुळकन निघाली आणि मी हातात चहाचा कप घेऊन बोटीसकट कालव्यात आडवा! तेव्हापासून खुंट्या तिरप्या ठोकतो, दोरही जरा लांब बांधतो.

उद्या डिव्हायझेस गावाकडे. वाटेतल्या केन हिल चढावावरचे २९ लॉक (दरवाजे लावून, पाणी भरून बोट वर उचलणारे हौद) चढायचेत, एकट्याने. मदतीला कोणी भेटलं तर बरं.