रोज पाहणाऱ्यासाठी

भिंतीवर काय काढायचे हे सुचते कुठून, आणि ऊन-पावसात विटून जाणाऱ्या त्या चित्रांचा लोकांना उपयोग काय, हे दोन प्रश्न मला बहुधा एका दमातच विचारले जातात. विचारणाऱ्यांत चित्रकलेचे विद्यार्थी असतात, नगरसेवक असतात आणि परांचीखाली थांबून, मान वर करून बोलणारे येणारे-जाणारेही असतात. तुम्हीही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन्ही प्रश्नांचे माझ्यापुरते उत्तर एकच आहे. जो माणूस ती भिंत रोज पाहणार आहे, कामाला जाताना आणि परत येताना, इच्छा असो वा नसो, त्याचा विचार करूनच मला चित्र सुचते, आणि त्या चित्राचे मोलही त्याच्याच हिशेबाने ठरते. कलादालनात शिरणारा माणूस चित्र पाहायचे ठरवून आलेला असतो. रस्त्यावरच्या माणसाला मी ते न विचारता दाखवते, तेव्हा त्याच्या नजरेला रोज खुपणार नाही आणि चार दिवसांत संपूनही जाणार नाही, असे काहीतरी देणे मला भागच आहे.

हे मी सर्वांत जास्त अजिंठ्याकडून शिकले. तिथल्या चित्रांच्या सौंदर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही. मला भिंतीचे काम करणारी बाई म्हणून तिथे दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे त्या कारागिरांनी भिंतीला दिलेला वेळ. बेसॉल्टचा पृष्ठभाग छिन्नीने खडबडीत ठेवायचा, म्हणजे गिलावा धरून राहतो. त्यावर भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळलेल्या मातीचे थर द्यायचे, वर चुन्याचा पातळ हात फिरवायचा आणि तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या बंधकात कालवलेल्या रंगांनी चित्र काढायचे. रंग बहुतेक मातीचे आणि दगडांचे: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा, निळा तेवढा परदेशातून आलेल्या लाजवर्द दगडाचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना हाताशी धरून या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, त्या लंडनला गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा 1885 च्या आगीत जळाल्या. भिंती मात्र जागेवर आहेत, जखमी असल्या तरी.

दुसरी गोष्ट कथा मांडण्याची. सतराव्या लेण्यातली जातककथा डावीकडून उजवीकडे, आधी हे आणि मग ते, अशी वाचायला गेलात तर गोंधळ उडतो, कारण पुष्कळ ठिकाणी प्रसंगांची जुळणी काळाप्रमाणे नसून जागेप्रमाणे आहे. राजवाड्यात घडलेले सारे एकीकडे, अरण्यात घडलेले दुसरीकडे, आणि तोच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटतो. रस्त्यावरच्या भिंतीला ही रीत चपखल बसते. फुटपाथवरून माणसे दोन्ही दिशांनी येतात, कोणी मध्येच रस्ता ओलांडून येते, कोणी रिक्षातून अर्धीच भिंत पाहते. तेव्हा माझ्या चित्राला सुरुवात आणि शेवट नसतो. कुठूनही शिरावे आणि कुठूनही निघावे, अशी त्याची रचना असते. आज एक कोपरा दिसला, पुढच्या आठवड्यात दुसरा दिसेल. रोज पाहणाऱ्याला घाई नसते.

मी कोल्हापूरची, त्यामुळे दुसरा वारसा घराजवळचाच. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांचे नाव सिनेमामुळे सर्वांना ठाऊक आहे, पण त्याआधी त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही महाल हा महालच दिसला पाहिजे, हे शिक्षण पडद्यातून बॅनरमध्ये आले आणि बॅनरवाल्या पेंटरांकडून आमच्यापर्यंत पोहोचले. जवळून ज्या ठिकाणी नुसते फटकारे दिसतात, तिथे रस्त्यापलीकडून गाल आणि हनुवटी दिसते. वांद्रे रेक्लमेशनला महानगर टेलिफोन निगमच्या इमारतीवर रणजित दहिया आणि सहकाऱ्यांनी काढलेले दादासाहेब फाळके पाहताना मला हाच पडद्यांचा हिशेब आठवतो. धावत्या गाडीतून दिसणार असेल तर एक चेहरा पुरतो, तिथे बारीकसारीक तपशील भरणे म्हणजे रंगाची नासाडी.

वारली चित्रांबद्दल मात्र थोडे परखड बोलावे लागेल. लग्नघरी सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, टोक चावून मऊ केलेल्या काडीने, आणि चौकटीच्या आत पालघट देवी असते. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न पुरे होत नाही. भिंतीवरच्या चित्राचे काम किती नेमके असू शकते, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी, ज्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, ही रेषा भिंतीवरून कागदावर आणली आणि तिला स्वतःचे विषय दिले. तीही मोठी कामगिरीच. पण आज कुठल्याही उड्डाणपुलाच्या खांबावर, बस डेपोवर, स्वच्छतागृहावर स्टेन्सिल ठेवून जी नाचणारी माणसे छापली जातात, त्यांचा त्या जागेशी काय संबंध? काय काढावे हे सुचले नाही की वारली काढावे, असा जणू नियमच झाला आहे. मी त्या समाजातली नाही, म्हणून मी वारली काढत नाही. मागणी आली तर त्या मुलखातल्या कलावंतांना बोलवा, असे सांगते.

मग माझ्या स्वतःच्या भिंतीवर येते काय? एकच भिंत सांगते. एका शाळेच्या कुंपणाची, भाजीबाजाराच्या बाजूची. रंगवण्याआधी मी भिंतीसमोर बसून राहते, सकाळ-दुपार-संध्याकाळ, म्हणजे ऊन कुठून येते, ओल कुठवर चढते आणि माणसे कुठे टेकतात ते कळते. या भिंतीत खिळ्यांची एक वेडीवाकडी रांग होती. गिलावा करणाऱ्याने ते उपटायला घेतले तेव्हा तिथे बसणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, "बाई, रंग पायजे त्यो लावा, पण खिळं काढू नगासा. आमी पिशव्या कुटं अडकवायच्या?" खिळे ठेवले. भिंतीला पुट्टी-प्रायमर झाल्यावर मोजपट्टीने चौकटी आखण्याऐवजी मी खडूने भिंतभर आडव्यातिडव्या खुणा केल्या, भिंतीचा फोटो काढला, मोबाइलवर त्या फोटोवर कच्चे रेखाटन ठेवून पाहिले आणि प्रत्येक खिळा एकेका फांदीच्या टोकाला येईल असे झाड बेतले. दिवसा झाडाला कापडी पिशव्या, डब्यांच्या थैल्या, एखादी छत्री लटकलेली असते. बाजार उठला की फक्त फांद्या उरतात. माझ्या डोक्यात आधी तिथे भलताच काही विषय होता, पौराणिक. तो त्या मावशींच्या एका वाक्याने निकालात निघाला आणि बरेच झाले.

रंगांची निवडही भिंतच करते. पश्चिमेकडच्या भिंतीवर काही झगमगीत लाल आणि गुलाबी छटा दोन-तीन उन्हाळ्यांत फिक्या पडतात. लोहाच्या ऑक्साइडचे तांबडे, पिवळे, तपकिरी मात्र टिकून राहतात, मुळात ते मातीचेच रंग. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या देवळांवरचे कावीकाम पाहा: पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि ओला असतानाच तो कोरून पांढऱ्या रेषा काढायच्या. कोकणच्या पावसाला तोंड देऊन ते उभे आहे. माझ्या चित्रांत तांबडा फार असतो अशी एक टीका माझ्यावर होते. त्याचे बरेचसे श्रेय उन्हाला आहे.

आता उपयोगाचे. भित्तिचित्रांमुळे गुन्हे घटतात, जागांचे भाव वाढतात, वस्ती सुधारते, असे दावे मागणीपत्रांतून वाचायला मिळतात. मी ते करत नाही. ज्या वस्तीला पाणी दिवसाआड येते तिथे मोर काढून वस्ती सुधारत नाही, आणि स्वच्छता स्पर्धेची पाहणी आली की रातोरात रंगवलेल्या भिंतींचा हेतू लोकांना बरोबर कळतो. पिचकाऱ्या थांबाव्यात म्हणून देवांची चित्रे काढून द्या, ही मागणीही मी नाकारते. देवाला पहारेकरी म्हणून उभे करणे मला पटत नाही. तरीही हे काम मोलाचे आहे असे मी मानते, कारण आपल्या शहरांत डोळ्यांच्या उंचीवरची जवळजवळ प्रत्येक जागा कोणीतरी विकत घेतलेली आहे, आणि तिथून आपल्याला सतत काहीतरी विकले जाते किंवा कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या जातात. त्या गर्दीत काहीही न विकणारी, मत न मागणारी एक भिंत असणे ही नागरिकाची सोय आहे, बागेतल्या बाकाइतकी साधी.

2009 मध्ये मुंबईत महापालिकेच्या संमतीने तुळशी पाइप रस्त्याची रेल्वेलगतची लांबलचक भिंत शेकडो लोकांनी मिळून रंगवली. त्यांतली सगळीच चित्रे चांगली होती असे कोणी म्हणणार नाही, पण रस्ता कोणाचा हा प्रश्न तिथे फार उघडपणे विचारला गेला. मुंबईच्याच ससून डॉक या मासळी बंदरावर 2017 च्या कलाप्रकल्पात कोळी समाजातल्या माणसांचे भलेमोठे चेहरे त्यांच्या कामाच्या जागीच लागले. ज्यांच्याकडे पाहुणे एरवी नाकाला रुमाल लावून पाहतात, ते त्या पाहुण्यांकडे उंचावरून पाहू लागले. असे प्रत्येक भिंतीला साधत नाही.

व्यवहाराचे एक सांगते, कारण विद्यार्थी ते विचारायचे विसरतात. मालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय ब्रश उचलू नये, कारण महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध 1995 पासून कायदा आहे आणि तो तुमच्या हेतूची चौकशी करत बसत नाही. दुसरे, निविदेत रंगाचे पैसे असतात, देखभालीचे नसतात. पावसाळ्यानंतर शेवाळ धुणे, ओल आलेला पट्टा खरवडून पुन्हा भरणे, एवढे तरी दरसाल व्हावे, असे कलम मी आता अंदाजपत्रकातच घालते. बहुतेक ठिकाणी ते पहिल्याच बैठकीत खोडले जाते. ते जिथे राहते तिथे मी दर ऑक्टोबरमध्ये बादली आणि नायलॉनचा ब्रश घेऊन जाते. मावशींच्या भिंतीचे ते काम शाळेच्या शिपायांनी आपण होऊन अंगावर घेतले आहे, फक्त पिशव्या उतरवायला ते सकाळी लवकर कोणाला सांगत नाहीत, बाजार उठेपर्यंत थांबतात.