शेततळ्यावरच्या याबी

आज ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, शेपार्टन गावाजवळच्या एका शेततळ्यावर याबी पकडायला गेलो होतो. याबी म्हणजे इथली गोड्या पाण्यातली छोटी शेवंडच म्हणा. पकडणं अगदी सोपं, पण नियमात बसणारी जागा मिळवणं हेच खरं काम. व्हिक्टोरियात सार्वजनिक तळ्यात किंवा ओढ्यात हात घालायचा तर मासेमारीचं लायसन्स लागतं, आणि शेततळं खाजगी असलं की मालकाची परवानगी. ऑफिसातल्या एकाच्या सासऱ्यांचं शेत निघालं म्हणून जमलं. म्हातारबाबांनी एकच अट घातली: फाटक उघडलंत तर लावायचं, मेंढ्या आहेत!

‘ऑपेरा हाऊस’ नावाच्या बंद जाळ्यावर इथे 1 जुलै 2019 पासून बंदी आहे, अगदी खाजगी तळ्यातसुद्धा. त्यात प्लॅटिपस (बदकासारखी चोच असलेला, पाण्यात वावरणारा सस्तन प्राणी) शिरला की श्वास घ्यायला वर येता येत नाही, आत गुदमरून मरतो. बंदी योग्यच आहे. आम्ही आपली सुतळी आणि मटणाचा तुकडा घेऊन बसलो, कोकणात पोरं खेकड्यांसाठी बसतात तसे. सुतळी ताणली की सावकाश ओढायची, घाई केली की नांगी सुटलीच. एकीच्या शेपटीखाली काळसर अंड्यांचा घोस होता. तशी मादी ठेवता येत नाही, लगेच परत सोडली.

बाकीच्या आता बादलीत स्वच्छ पाण्यात आहेत, पोटातला चिखल निघेपर्यंत. मालवणी मसाला की नुसतं लसूण-बटर, यावरून घरात जुंपली आहे. तुमचं मत टाका पटकन.