तळपायाची मेंदी

मेडशी सोडली तेव्हा मी पाउली खेळत होतो. पातूरचा घाट उतरेपर्यंत टाळ पिशवीत गेले होते आणि मी दिंडीच्या पार शेपटाला लागलो होतो. माघातली शेगावची वारी, ऊन अजून चावत नाही, असं घरून निघताना सगळेच म्हणतात. आमच्या दिंडीत साठेक माणसं, एक ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर गजानन महाराजांची तसबीर आणि तसबिरीपेक्षा मोठा भोंगा. त्या भोंग्यावर सिनेमाच्या चालींची गाणी. दोन वेळा सांगून पाहिलं. ‘‘पोरायले जोर येते त्यानं,’’ असं उत्तर मिळालं. म्हणून मी मागे राहायला लागलो आणि मागे राहिलो म्हणून झाडं दिसायला लागली. भक्तिभाव वगैरे त्यात काही नव्हता.

घाटात सागाची पानगळ. वाळलेलं सागाचं पान पायाखाली आलं की पापड मोडल्यासारखं वाजतं. पळसाला काळपट मखमली कळ्या होत्या. एखाद्याच झाडाला घाई झालेली. काटेसावरीची जाड, मांसल फुलं खाली पडून चिखल झालेला, त्यावर मुंगळे. मुंगळे पाहिले की मला महाराजांच्या पोथीतला त्यांचा शिष्य, कोंडोलीचा पितांबर आठवतो. मुंगळ्यांमुळे आंब्यावर नीट बसता येईना म्हणून तो फांद्या बदलत राहिला, आणि महाराजांचा शिष्य असशील तर या वठलेल्या झाडाला पानं फोडून दाखव म्हणत गावकऱ्यांनी त्याला अडवलं, ती गोष्ट. लहानपणी त्या अध्यायाला मी नेहमी जागा असायचो.

रस्ता चौपदरी झाल्यापासून सावलीचे कडुनिंब गेले. दुभाजकावर कण्हेर आणि बोगनवेल लावली आहे. कण्हेर विषारी, शेळी तिला तोंड लावत नाही, म्हणून टिकते. सावली मात्र तिच्या स्वतःच्या बुडापुरतीच.

पातुरात दुपारचं जेवण झालं. पंगतीत चंदेरी कागदाच्या ताटल्या. 23 फेब्रुवारी 1878 ला महाराज पहिल्यांदा दिसले ते शेगावात, देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना. मी वाढप्याला म्हटलं, निदान प्रगटदिनाच्या वारीत तरी पत्रावळी हवी होती. तो म्हणाला, ‘‘पाने तोडाले तुमी या सकायी.’’ बरोबरच होतं त्याचं.

दुसरा दिवस की तिसरा, आता नक्की सांगता येत नाही. वाडेगावच्या रस्त्यावर पहाटे काकडा झाल्यावर आडवाट धरायची म्हणून मी चपला हातात घेऊन हरभऱ्याच्या वावरातून गेलो. घाटे भरलेले, पानांवर दव. दव कसलं, आंबच ती. हरभऱ्याच्या पानांवर रात्री आंबट रस सुटतो, तो दवात मिसळतो. आमची आजी त्यावर धुतलेलं फडकं रात्रभर पसरून ठेवायची आणि सकाळी पिळून बाटलीत भरायची, पोटदुखीवर द्यायला. हे सगळं मला माहीत होतं. डाव्या टाचेचा फोड आदल्या रात्री फुटलाय, हेही माहीत होतं. तरी गेलो. धुऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात महाराजांचं नाव नव्हतं.

अकराच्या सुमारास दिंडी दिसेनाशी झाली. भोंगाही ऐकू येईना. ज्याचा इतका राग येत होता तोच ऐकू यावा असं वाटायला लागलं. रस्त्याला लागून एक घर होतं, अर्धं कुडाचं, अर्धं विटांचं, भोवती मेंदीचं कुंपण. मी कुंपणाशी थांबलो तर आतून आवाज आला, ‘‘फुलं नाई राह्यली आता. पुढं जा.’’

म्हटलं, ‘‘फुलं नको माय, पाणी पाहिजे.’’

म्हातारी बाहेर आली. आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग पायाकडे. ‘‘बस इथंसाच,’’ म्हणाली. पाणी दिलं. मग सुईत दोरा ओवून आणला आणि उजव्या पायाच्या न फुटलेल्या फोडातून आरपार काढून दोऱ्याची दोन्ही टोकं तशीच बाहेर ठेवली. पाणी दोऱ्यावाटे हळूहळू उतरायला लागलं. फुटलेला फोड धुऊन त्याला जवसाचं तेल लावलं. नंतर कुंपणाची मेंदी ओरबाडून पाट्यावर वाटायला बसली. मी म्हटलं, अहो माय, मेंदी कायले? ‘‘आग होऊन राह्यली ना तयपायाची? मंग?’’ तेवढंच.

फोड सोडून दोन्ही तळपायांवर हिरवा लपका बसला आणि मी वाळेपर्यंत हलायचं नाही अशा शिक्षेत अडकलो. तास-दीड तास तिच्या परसाकडे बघत बसण्यापलीकडे काम नव्हतं. मोरीचं पाणी एका चरातून केळीला जात होतं, केळीकडून अळूला. वाल बाभळीच्या काट्यांवर चढवलेला. कोपऱ्यात अंबाडीची चार वाळकी झाडं, बियांसाठी ठेवलेली, बोंडं कुसळांनी भरलेली. शेवगा फुलला होता आणि खाली एक कोंबडी पडलेली फुलं टिपत होती. तेलाच्या डब्यात तुळस. डब्याला बुडाशी खिळ्यानं पाडलेली भोकं, मोजून पाच.

आणि जास्वंदीची तीन झाडं. एकाही झाडावर फूल नाही.

‘‘पाच दिंड्या गेल्या सकायपासून,’’ ती म्हणाली. ‘‘महाराजाचे लोक व्हय म्हून बोलत नाई. पन कया बी ठेवत नाईत रे बाप्पा. उद्याचं फूल आजच तोडून काय भेटते?’’ मी गप्प. आदल्या दिवशी मेडशीत एका कुंपणावरून मीही दोन फुलं तोडली होती. तसबिरीला वाहिली होती, पण विचारलं नव्हतं.

निघताना पन्नासची नोट पुढे केली तर तिनं नुसतं पाहिलं. मी नोट खिशात घातली. मेंदी खरवडली तर तळपाय लालभडक. पुढचं सगळं चालणं, सत्तावन्न वर्षांचा बाप्या, नवरीचे तळवे घेऊन चाललो. टाच तरीही दुखत होती. आग मात्र थांबली होती, हे मान्य करावं लागेल.

संध्याकाळी वाडेगाव. इथं लिंबाच्या बागाच बागा. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारी फुलं, फुटला होता आणि अंधार पडल्यावर तो वास शाळेच्या व्हरांड्यापर्यंत आला, जिथं आम्ही पथाऱ्या टाकल्या होत्या. हरिपाठाला बसलो आणि मला एक ओळ म्हणता येईना. आमच्याकडे संत्र्याची बाग होती. बाबा डिसेंबरात पाणी तोडून ताणावर सोडायचे, पानं मलूल पडेपर्यंत. आई रोज म्हणायची, द्या हो थोडं. बाबा देत नसत. मग पाणी सोडलं की काही दिवसांत हाच वास घरात. पुढे डिंक्या लागला. खोडातून डिंक ओघळायचा, साल तडकायची. बोर्डोचं औषध लावून पाहिलं, माती बदलून पाहिली. शेवटी बाग तोडली. त्यानंतरच्या पावसात एका खुंटाला फूट आली, बाबा हरखले. मी जवळ जाऊन पाहिलं तर काटेरी. कलम मेलं होतं, ज्या आंबट लिंबावर ते बांधलं होतं ती खालची जंबेरी फुटली होती. बाबांनी ती काढली नाही. अजून आहे. तिची आंबट फळं कोणी खात नाही, लोणचंही बरं होत नाही.

बाळापूर, पारस, नागझरी. षष्ठीच्या रात्री शेगाव. रांगेत चपला नसतात, त्यामुळे मागच्या बाईनं माझे पाय पाहिले आणि सुनेला कोपरानं ढोसलं. गादीसमोर किती क्षण मिळाले कोण जाणे. रडू आलं एवढं आठवतं. कशाचं ते विचारू नका. नंतर भाकर, झुणका, अंबाडीची भाजी. भाजी खाताना ती कुसळाची बोंडं आठवली.

बाहेर येऊन बाबांना फोन लावला. म्हटलं, पोचलो, दर्शन झालं.

‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘‘वाडेगाववरून गेले होते ना तुमी? फुटला काय बहार?’’

‘‘फुटला. रात्रभर वास होता.’’

‘‘ताण किती दिवस देला म्हने त्याईनं?’’

मी विचारलंच नव्हतं.