दहा रुपयांचा आडोसा

जुलै महिन्यात सलग चार दिवस झड लागली, की आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत माणसांपेक्षा कपड्यांनाच जास्त जागा लागते. दोरीवर, खुर्च्यांच्या पाठींवर, दाराच्या कड्यांवर ओलसर शर्ट आणि फ्रॉक लोंबत असतात, आणि त्यांच्या मधून वाट काढीत सात वर्षांचा थोरला आणि चार वर्षांची धाकटी एकमेकांचा पाठलाग करीत असतात. खाली सोसायटीच्या आवारात घोटाभर पाणी साचलेले असल्यामुळे खेळायला पाठवता येत नाही. रंगपेटी सकाळीच संपते, पत्त्यांचा डाव रडारडीत मोडतो आणि अकराच्या सुमारास घर डोक्यावर घेतले जाते. अशा वेळी बाहेर पडणे ही मौज राहत नाही, ती गरज होते. मात्र पावसात दोन मुलांना घेऊन कुठे जायचे, हा प्रश्न मुंबईत प्रत्यक्षात कोणत्या छपराखाली जायचे असा असतो.

छप्पर हवे असेल तर शहरात ते विकत मिळते, यात शंका नाही. तीन वर्षांपूर्वी मी तो अनुभव घेतला. एका मॉलमधल्या, रंगीत चेंडूंनी भरलेल्या खेळघरात दर मुलामागे तासाचे साडेचारशे रुपये मोजले. आत जायला घसरू न देणारे खास मोजे लागतात आणि ते तिथेच विकत घ्यावे लागतात, हे पैसे भरल्यावर कळले. बाहेरचे खाणे चालत नाही म्हणून पोळीभाजीचा डबा दारातल्या टेबलावर ठेवून घेतला गेला, आणि मुलांना भूक लागल्यावर आत जे काही तळलेले मिळत होते, त्याचे पुन्हा वेगळे पैसे झाले. परतताना रिक्षात बसून मी हिशोब केला तेव्हा महिन्याच्या भाजीपाल्याला मोठीच कात्री लागलेली होती. मुले खूश होती, हे मान्य केले पाहिजे. पण तो डबा परत हातात घेताना मला जी लाज वाटली, ती मला अजून आठवते. घरच्या पोळ्या म्हणजे जणू काही चोरटा माल होता.

तेव्हापासून पावसाळ्यातल्या जागा पारखण्याची माझी कसोटी ठरून गेली आहे. वर छप्पर असावे, जवळ बऱ्यापैकी स्वच्छतागृह असावे, आणि आसपास कुठेतरी आपला डबा उघडता यावा. प्रेक्षणीय काय आहे, हे त्यानंतर. या कसोटीला उतरणाऱ्या जागा मुंबईत अगदीच नाहीत असे नाही, आणि गंमत म्हणजे त्यांतल्या बऱ्याचशा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बांधून ठेवलेल्या आहेत.

निघण्यापूर्वीही एक हिशोब करावा लागतो, आणि तो पैशांचा नसतो. शाळांना सुट्टी जाहीर होण्याइतका पाऊस असेल त्या दिवशी आम्ही घरीच बसतो. कितीही भांडणे झाली तरी. एरवीही मी भरतीची वेळ पाहिल्याशिवाय दाराला कुलूप लावीत नाही. या शहरातले पावसाचे पाणी नाल्यांवाटे समुद्रात जाते, आणि समुद्रच चढलेला असेल तर ते जायला वाटच उरत नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मोठी सर एकाच वेळी आली, की कुर्ला आणि शीवच्या मध्ये लोकल थबकते आणि हिंदमाताच्या चौकात बसगाड्यांची चाके बुडतात. म्हणून भरती दुपारी असेल तर सकाळी लवकर निघून जेवणाच्या आत परत, आणि भरती सकाळीच असेल तर ती ओसरल्यावर दुपारी बाहेर, असा आमचा शिरस्ता आहे. पिशवीत एक पंचा, दोघांचे कोरडे मोजे, ओले रेनकोट कोंबायला जाड पिशवी, पाणी आणि डबा. छत्री एकच आणि ती माझ्या हातात, कारण मुलांच्या हातातल्या छत्र्या पावसापेक्षा शेजाऱ्यांच्या डोळ्यांकडेच अधिक वळतात.

प्रवासाचा खर्च म्हणाल तर माझा मासिक पास असतो, पाच वर्षांखालच्या धाकटीला तिकीटच नाही आणि थोरल्याचे अर्धे. तरीही त्या अर्ध्या तिकिटाचा कागद तो दिवसभर खिशातून काढून पाहत असतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा लगदा करून ठेवतो. पावसात बायकांच्या डब्यात खिडक्यांचे पत्रे ओढून घेतलेले असतात, ओल्या ओढण्यांचा आणि मोगऱ्याचा मिसळलेला वास कोंडलेला असतो, आणि कोणीतरी अनोळखी बाई न विचारता धाकटीला मांडीवर उचलून घेते. खिडकीचा पत्रा बोटभर वर केला तर आत येणाऱ्या तुषारांत तोंड धरून बसण्याचा मान कोणाचा, यावरून घाटकोपरपर्यंत तंटा चालतो.

आम्ही उतरतो ते भायखळ्याला. तिथे राणीच्या बागेच्या, म्हणजे शहराच्या प्राणिसंग्रहालयाच्या, आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. 1872 मध्ये व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने ते लोकांसाठी खुले झाले, आणि ज्यांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या त्या डॉ. भाऊ दाजींचे नाव त्याला 1975 मध्ये मिळाले. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मोठ्यांना दहा रुपये आणि लहानांना पाच असे तिकीट होते. बाहेर आभाळ काळवंडलेले असताना त्या दालनात पाऊल टाकले, की हिरवे आणि सोनेरी लोखंडी खांब, उंच नक्षीदार छत आणि झुंबरांचा पिवळा उजेड एकदम अंगावर येतो. धाकटी दारातच थांबली आणि कुजबुजत्या आवाजात तिने विचारले, "आई, इथे लग्न आहे का?" एवढ्या सजवलेल्या जागेत आपल्याला बोलावणे नसताना जाता येते, हे तिला पटायला थोडा वेळ लागला. मला स्वतःलाही, खरे सांगायचे तर, लागला होता.

मुलांना संग्रहालयात काय दाखवावे याविषयी मोठ्यांच्या काही ठाम कल्पना असतात, आणि मुले त्या पहिल्या पाच मिनिटांत मोडीत काढतात. मी त्यांना जुन्या मुंबईचे नकाशे दाखवणार होते. ती दोघे चिकटून राहिली ती मातीच्या बाहुल्यांच्या कपाटांना. या शहरात एकेकाळी वावरणाऱ्या नाना जातीजमातींच्या आणि व्यवसायांच्या माणसांच्या त्या वीतभर प्रतिमा, प्रत्येकाच्या डोक्यावर निराळ्या घाटाची पगडी. थोरल्याने पगड्या मोजायला घेतल्या आणि दर वेळी मध्येच चुकून तो पहिल्यापासून सुरू करीत राहिला. धाकटीने काचेला नाक लावले होते. तिच्या श्वासाने काचेवर वाफेचा एक वाटोळा ठिपका उमटे, त्यात ती बोटाने दोन डोळे काढी, आणि तिथले पहारेकरी काका शांतपणे येऊन फडक्याने तो पुसून टाकीत. असे तीन कपाटांवर झाले. चौथ्या कपाटापाशी ती पोहोचली, तर काका आधीच फडके घेऊन उभे होते आणि गालातल्या गालात हसत होते. मला त्या माणसाचे आभार मानायचे होते, पण काय म्हणून मानायचे ते सुचले नाही.

पाऊस किंचित उघडला तेव्हा आम्ही बाहेर हत्तीपाशी गेलो. हा हत्ती दगडाचा आहे आणि मूळचा घारापुरीचा; बेटावर उतरताच समोर दिसलेल्या या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिले. पुढे 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा बेत झाला, पण उचलताना यारीच, म्हणजे क्रेनच, मोडली आणि हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि 1914 मध्ये जोडून पुन्हा हत्ती उभा केला गेला. इतिहासातली एवढी एकच गोष्ट थोरल्याला पूर्णपणे कळली, कारण वस्तू हातातून पडून फुटणे आणि ती मुकाट्याने चिकटवून ठेवणे हा त्याच्या अनुभवाचा विषय आहे. पावसाने काळ्याभोर झालेल्या त्या दगडावर सांधे कुठे दिसतात, हे शोधण्यात त्याने तब्बल वीस मिनिटे घालवली. छत्रीच्या काडीवरून माझ्या मानेत पाणी ओघळत होते, पण तो प्रत्येक भेगेवर बोट रोखून "हा जोड आहे की नुसती चीर?" असे विचारीत राहिला. शेजारी शहराच्या रस्त्यांवरून आणि चौकांतून हलवून आणलेले इंग्रजी अमलातले पुतळेही भिजत उभे होते, परंतु त्या साहेबांकडे दोघांपैकी कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

डबा मात्र आत उघडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही तो बागेतल्या एका शेडखाली, तिघांनी पाय वर घेऊन, बाकावर बसून संपवला. त्या दिवशी बागेचेही तिकीट काढले होते, कारण पेंग्विन पाहिल्याशिवाय धाकटी हलणार नव्हती. हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन 2016 मध्ये दक्षिण कोरियातून आले आणि त्यांचे मूळ घर पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर आहे, जिथे बराचसा प्रदेश जवळजवळ कोरडा असतो. काचेपलीकडे थंडगार पाण्यात ते मजेत सुळकांड्या मारीत होते आणि अलीकडे आम्ही सगळे प्रेक्षक निथळत उभे होतो. पेंग्विनांना पाऊस ठाऊकच नसेल, असे मी सहज म्हणून गेले, तेव्हा धाकटीने आपल्या रेनकोटची ओली बाही काचेला लावून त्यांना तो दाखवला.

सगळेच आडोसे इतके पावतात असे नाही. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात 1952 पासून कोणीही फुकट जाऊ शकतो, आणि तिथे चित्र काढणारा माणूसच पुष्कळदा चित्राशेजारी बसलेला असतो, ही मोठी नवलाची गोष्ट. पण चार वर्षांच्या मुलीने "तुमचा रंग रेषेच्या बाहेर गेलाय" असे त्याला तोंडावर सांगितल्यानंतर तिथे फार वेळ काढता येत नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात हात लावायला बंदी नाही म्हणून मुले रमतात, परंतु पावसाळी रविवारी साऱ्या मुंबईला तेच सुचलेले असते. दादरच्या जिन्यावर किंवा मॉलच्या दारातल्या थंड झोतात नुसतेच उभे राहण्यापेक्षा हे सगळेच बरे, एवढे म्हणता येईल.

माझी स्वतःची आवडती जागा मात्र कोणत्याच सहलीच्या यादीत नसेल. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या शेजारचे मोठे टपाल कार्यालय, आम्हा मुंबईकरांचे जीपीओ, 1913 मध्ये बांधून पूर्ण झाले आणि त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून बेतलेला आहे. त्या घुमटाखाली उभे राहायला तिकीट लागत नाही. मान मोडेपर्यंत वर पाहता येते, कबुतरांचा आवाज ऐकता येतो, आणि आपण तिथे का आलो असे कोणी विचारीत नाही, कारण टपालात आलेल्या माणसाला काम असणारच, असे सर्वांनी धरून चाललेले असते. आमच्याकडेही काम होते. एक पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळते. परंतु सुटे पन्नास पैसे आता कोणाजवळ असणार, म्हणून पाच रुपयांची दहा घेतली. एवढ्या पैशांत दोन मुले तासभर गुंतून राहतील अशी दुसरी वस्तू या शहरात मला तरी सापडलेली नाही.

बाकावर उभे राहून, जीभ बाहेर काढून, थोरल्याने चिपळूणच्या आजीला पत्र लिहिले. मजकूर असा होता: "प्रिय आजी, आम्ही हत्ती पाहिला. तो पडला होता. आता बरा आहे." उरलेल्या जागेत त्याने जांभळ्या स्केचपेनने हत्ती काढला आणि सांध्यांच्या जागी लाल रेघा ओढल्या. हत्ती आम्ही आठ दिवसांपूर्वी पाहिला होता, मधल्या काळात त्याने त्याचे नावही काढले नव्हते, आणि तरी एकूण एक जोड त्याच्या लक्षात होता. धाकटीला लिहिता येत नाही, म्हणून तिने आपल्या कार्डावर नुसते ठिपके दिले आणि हा पाऊस आहे, तो आजीला वाचता येतो, असे सांगितले. पेटीच्या फटीत कार्डे टाकताना दोघांनाही उचलून धरावे लागले. बाहेर त्या वेळी सर एवढी जोराची आली होती, की समोरचे स्टेशन दिसेनासे झाले होते, आणि आम्ही आणखी अर्धा तास घुमटाखालीच थांबलो.

दहा-बारा दिवसांनी चिपळूणहून फोन आला. तिकडे पावसाने नुसता कहर मांडला होता आणि पोस्टमनच्या पिशवीतही पाणी शिरले असावे. आजी सांगत होत्या, "अरे, तुझा हत्ती आला हो, पण सगळा विरघळून आलाय. सोंड एकीकडे, पाय एकीकडे. मला कळेना, हे ढग आहेत की काय."

थोरल्याने रिसीव्हरसारखा मोबाइल दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि अत्यंत शांतपणे म्हणाला, "मग जोड ना, आजी. लाल रेघा बघून जोड."