सात नोव्हेंबर आणि ते रजिस्टर

साताऱ्यात दिवाळीच्या आसपास आम्हाला दुसरे वेध असायचे ते सात नोव्हेंबरचे. १९०० साली याच तारखेला बाबासाहेबांचं नाव राजवाड्याजवळच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आत्ताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीला दाखल झालं. त्याचा कार्यक्रम दरवर्षी. बऱ्याचदा सुट्टीच चालू असायची त्यामुळे निम्मी पोरं युनिफॉर्ममधे, निम्मी दिवाळीच्या नव्या कपड्यात आणि सर लोक लाइन लावून लावून घामाघूम. २०१८ ला तर लक्ष्मीपूजनच त्या दिवशी आलेलं, घरचे काय बोलले असतील विचारू नका.

भाषणं लांबायची, खरं आहे ते. पण कोणी मसूर स्टेशनचा किस्सा काढला की मागची कुजबुज बंद. भीमा, म्हणजे लहानपणीचे बाबासाहेब, भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेला, स्टेशनवर न्यायला कोणीच आलं नाही, जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात, शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा एक जण तयार झाला आणि तोही म्हणे गाडी तुम्हीच हाका, मी चालत येतो. मसूर आपल्याच जिल्ह्यातलं हो, माहेर-सासर असलेली माणसं समोर बसलेली असायची, मग किस्सा ऐकताना कोण कोणाकडे बघणार?

मग सगळे शाळेच्या प्रवेश-नोंदीच्या त्या रजिस्टरच्या पानाच्या फोटोपाशी. नोंद नंबर १९१४, भिवा रामजी आंबेडकर, आणि समोर त्या पोराची सही. एकदा लुगड्यातल्या एक आजी पुढे घुसल्या, "कुटं हाय रं नाव?" नातवाने त्यांचं बोट धरून त्या ओळीवर टेकवलं, मागचे मोबाईलवाले ओरडतायत सरका सरका, आजी ढिम्म.

२०१७ पासून सरकारने हा विद्यार्थी दिवस केला, चांगलंच झालं, पण मला विचाराल तर जुन्या शाळेतलं खरं म्युझियम म्हणजे तिचं जनरल रजिस्टर. पुतळ्याखाली आपण हार घालतो आणि निघतो, इथे मात्र प्रत्येक जण ओळ शोधतो, वरची-खालची नावंपण वाचतो, आपलं आडनाव दिसतंय का बघतो (मी बघितलंय!).

नंतर कंदी पेढे, आणि ज्यांना जमेल ते बाबासाहेबांच्या आई भीमाबाईंच्या समाधीकडे. यंदा येणार असाल तर लवकर या, राजवाड्याला गाडी लावायला जागा मिळत नाही.