छताला हूक नाही

रविवार, रात्रीचे अकरा

काल पणजीजवळ पर्वरीचा फ्लॅट बघून आले तेव्हापासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय. सॅम्पल फ्लॅटच्या हॉलमध्ये सासूबाई मान वर करून उभ्या होत्या. मला वाटलं, पीओपीतले दिवे बघताहेत. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "इथे माटोळी कुठे बांधायची?" माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या डोक्यावर छताला टांगायची, फळांनी भरलेली लाकडी चौकट.

सेल्सच्या मुलीला काही कळलं नाही, ती आम्हाला किचन दाखवायला घेऊन गेली. नवरा बाल्कनीत फोनवर. उत्तर द्यायला मीच उरले आणि पटकन बोलून गेले, "आई, आपला गणपती मोठ्या घरात असतो ना." त्या "हो, तेही खरंच" म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

त्यांच्यासाठी विषय तिथे संपला असेल, माझ्यासाठी नाही.

घराण्याचा गणपती एकच. चवथीला सगळ्यांनी पेडण्याच्या मोठ्या घरी जायचं, हे लग्न होऊन आल्यापासून मी कुणाला ठरवताना पाहिलेलं नाही. ते असतंच. मग फ्लॅटमध्ये माटोळी कशाला? टोमणा होता का? पण त्यांचा तो स्वभाव नाही. वाईट वाटलं असेल का, की आम्ही आता पक्के शहरातले होणार? की मोठ्या घरात यापुढे चवथ होईल याची त्यांनाच खात्री राहिलेली नाही? हा शेवटचा विचार आला आणि काल रात्री झोप उडाली. दादांचं आणि इन्व्हेंटरीचं, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या खटल्याचं, काय चाललंय ते इथे लिहीत बसत नाही. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून गावात दर रविवारी कुणी ना कुणी गाडी थांबवून जमीन विचारतं, एवढंच.

गेल्या चवथीला शिडी मी धरली होती. कुंभ्याच्या सालीची दोर आदल्या रात्रीपासून पाण्यात भिजत घातलेली. ओली असतानाच तिची गाठ घट्ट बसते, सुकली की तुटते. आधी चारही कोपऱ्यांना नारळाच्या पेंडी, मग सुपारीचे घड, मग तोरिंजं, आंबाडे, कांगलां, आणि मधोमध लालभडक कवंडळं. एकेक पेंड वर चढली की वासा हलकेच करकरायचा. सासूबाई खालून सांगत होत्या, "डावीकडे उतरलीय, आणखी एक नारळ घाल तिकडे." दोरीचा वास माझ्या हातांना दोन दिवस येत होता.

आणि या घरात, म्हणजे आत्ता राहतोय त्या, मी कॅलेंडरचा खिळासुद्धा मालकीणबाईंना विचारून मारला. सोळा वर्षांत तीन घरं झाली, दर अकरा महिन्यांनी करार. आधीच्या घरातून निघताना भिंतीतली भोकं पुट्टी लावून बुजवून द्यावी लागली होती, डिपॉझिट परत मिळावं म्हणून. माझी उंची पुरत नव्हती, स्टुलावर चढून बोटाने पुट्टी भरत होते आणि रडत होते. कशासाठी रडत होते ते तेव्हाही धड सांगता आलं नसतं. चाळिशी उलटून गेली आणि एकाही भिंतीवर माझा खिळा नाही. आता मालकीणबाईंनी नोव्हेंबरपर्यंतची मुदत दिलीय, मुलगा परत येतोय म्हणून. त्यांचं चूक नाही, घर त्यांचं आहे.

हिशेब सतरा वेळा मांडून झालाय. फ्लॅट ८० लाखांचा. बँक ८० टक्के देते, म्हणजे ६४ लाख. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साधारण ५५,५००. वीस वर्षांत ६४ लाखांचे १ कोटी ३३ लाख होतात. हाताशी १६ लाख हवेत, बांधकाम चालू असल्याने वर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख, शिवाय स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी. कागद चोख आहेत. रेराचा नंबर आहे, जमिनीची बिनशेती सनद आहे, वकिलांनी टायटल तपासलं. गोव्यात नवरा-बायको अर्ध्या-अर्ध्याचे धनी, त्यामुळे सही माझीही लागणार. बँकेतल्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा पोटात गोळाही आला आणि बरंही वाटलं.

पर्वरीबद्दल माझं मन अजून पूर्ण तयार नाही. लहानपणी मामाकडे जाताना हा नुसता सडा होता, जांभा दगड आणि काजूची झाडं. २००० साली विधानसभा इथे आली, २०१९ ला मांडवीवरचा अटल सेतू झाला, आणि आता महामार्गावर उन्नत रस्त्याचे खांब. काल गाडीची काच खाली करायची सोय नव्हती, इतकी धूळ. सोसायट्यांच्या गेटवर पाण्याचे टँकर उभे. नवरा म्हणतो, हा उन्नत रस्ता झाला की हाच भाग हाताला लागणार नाही. खरं असेल. पण पणजीला कामाला जायचं, आईंच्या डॉक्टरांकडे म्हापशाला जायचं आणि पेडण्याला तासाभरात पोचायचं, तर आमच्या खिशात बसणारी दुसरी जागा कुठे आहे?

वाटेत खाप्रेश्वर देवाच्या वडाची जागा आली तेव्हा सासूबाईंनी गाडीतूनच हात जोडले. वड तिथे नाही. २०२५ च्या मार्चमध्ये रस्त्यासाठी तो मुळासकट उपटून दुसरीकडे नेला. दोनशे वर्षांचा होता म्हणतात. मी म्हटलं, आई, आता तिथे काही नाही. त्या म्हणाल्या, "जागा आहे ना."

आज संध्याकाळी राहवलं नाही, मीच फोन केला. इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलं, काल तुम्ही माटोळीचं का विचारलंत? त्या जराही अडखळल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, हूक स्लॅब घालायच्या आधी सळीला बांधून घ्यावे लागतात. नंतर ड्रिल मारून बसवलेले तेवढं वजन धरत नाहीत. तुझ्या मामेसासूकडे काय झालं आठवत नाही? बिल्डरला आत्ताच सांगून ठेव, चार हूक."

एवढंच. मी दोन दिवस त्या वाक्याचा कीस काढत होते आणि त्यांच्या मनात चार हूक होते. फोन कानाला धरून मी हसले, त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "कधी लागतील, कधी नाही लागणार. असलेले बरे." त्या "कधी लागतील"चा अर्थ मी विचारला नाही. त्यांनीही सांगितला नाही. मला वाटतं, दोघींनाही ठाऊक आहे.

मोठ्या घरातल्या चौकटीचं माप त्या सुंभाला गाठी मारून शेजारच्या मुलाबरोबर पाठवणार आहेत. मीटरमध्ये मोजून फोनवर सांगा म्हटलं तर म्हणाल्या, टेपवर माझा विश्वास नाही.

साइटवरच्या इंजिनिअरला फोन केला. चौथ्या मजल्यावर, आमच्या डोक्यावरचा स्लॅब गुरुवारी पडणार आहे. "हूक फॅनसाठी का?" त्याने विचारलं. नाही म्हटलं, माटोळीसाठी. तो इथलाच, डिचोलीचा निघाला, पुढे काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "ताई, बुकिंग झालेलं असलं तर बांधतो. उद्या-परवात कळवा."

नवऱ्याला मंगळवारी सुट्टी नाही. सुंभ आला की मी एकटीच जाऊन येईन.