कराडला उतरूया की

पुण्याहून वडगावला जाताना कराड आलं की आप्पांचं ठरलेलं वाक्य असतं, "साहेबांच्या समाधीला जाऊया की रं एकदा" (साहेब म्हणजे यशवंतराव चव्हाण), आणि माझंही उत्तर ठरलेलं, "पुढच्या खेपेला नक्की". वीस वर्षं ही पुढची खेप काही आली नाही. कराडपर्यंत आलं की कसं, खंबाटकी झाला, सातारा झाला, आता पेठ नाका आणि किणीचा टोल एवढंच राहिलेलं असतं, घरी आईनं तांबडा रस्सा करून ठेवलेला असतो, अशा वेळी गाडी गावात कोण घालणार.

गेल्या दिवाळीला मात्र सहापदरीच्या कामानं आमची चांगलीच जिरवली. डायव्हर्जन, धुरळा, पुढं ट्रकच ट्रक, अर्ध्या तासात दोन किलोमीटर पण नाही. शेवटी बायकोच म्हणाली, इथं बसून धूर खाण्यापेक्षा आप्पांचं एकदाचं करून टाकू. घेतली गाडी आत.

प्रीतिसंगमाबद्दल शाळेत वाचलेलं असतं, पण तिथं उभं राहिल्यावर जरा वेगळंच वाटतं. नद्या साधारण बाजूनं येऊन मिळतात, इथं कृष्णा आणि कोयना चक्क समोरासमोर येऊन भिडतात आणि मग दोघी मिळून काटकोनात पूर्वेला वळतात. बरं, दोघी मूळच्या महाबळेश्वरच्याच. एक वाईवरून आली, दुसरी पार डोंगराआडून हेळवाकला वळसा घालून आली, आणि एवढं फिरून भेट कुठं, तर कराडात. या संगमावरच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. २५ नोव्हेंबरला, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीला, सगळ्या पक्षांचे पुढारी इथं येऊन फुलं वाहतात, टीव्हीवर दिसतात तेवढंच मला माहीत.

आम्ही गेलो तेव्हा पुढारी नव्हते. दिवाळीला माहेरी आलेल्या पोरी, त्यांची पळणारी पोरं, कठड्यावर सेल्फी काढणारी कॉलेजची गँग, आणि भेळवाला. समाधीपाशी गंभीर वगैरे वातावरण असेल असं मला उगीचच वाटत होतं. उलट संध्याकाळी गावानं पाय मोकळे करायला यावं अशी जागा निघाली, आणि मला तर ते जास्तच आवडलं.

आप्पांनी चपला गाडीतच काढल्या. म्हटलं, अहो तिथं जवळ काढा, खडे टोचतील. ऐकतायत कुठं. तसेच अनवाणी चालत गेले, हात जोडले, मिनिटभर थांबले. मला वाटलं आता नेहमीचं भाषण होणार, देवराष्ट्र्याचं पोर कसं राज्याचं पहिलं मुख्यमंत्री झालं, ६२ च्या युद्धाच्या वेळी नेहरूंनी संरक्षणमंत्री म्हणून बोलावल्यावर हिमालयाच्या मदतीला सह्याद्री कसा धावला, सगळं पाठ आहे मला. पण एक शब्द नाही. सरळ भेळवाल्याकडं गेले, तीन ओल्या भेळी सांगितल्या, कांदा जास्त.

भेळ खाता खाता म्हणाले, "चौऱ्याऐंशीला आलोतो मी हितं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. इंदिराबाई जाऊन महिना पण झाला नव्हता आणि दिल्लीत साहेब गेले, अंत्यसंस्कार कराडला होते. आप्पा एसटीनं उभ्यानं आले, नदीकाठ नुसता माणसांनी भरलेला, यांना शेवटपर्यंत डोक्यांशिवाय काही दिसलं नाही. आणि त्या गर्दीत चपला गेल्या. लग्नातल्या, कापशीच्या, सासऱ्यांनी घेतलेल्या, सहा महिने पण वापरल्या नव्हत्या. रात्री वडगावला अनवाणी पोचले.

"म्हणून गाडीत ठेवल्या व्हय?" बायको हसायला लागली. आप्पा पण हसले, पण भेळेच्या कागदाकडं बघत.

परत हायवेला लागल्यावर आईचा फोन, कुठवर आलाय, रस्सा परत गरम करायला लागणार. स्पीकरवर टाकून म्हटलं, अगं कराडला समाधीला गेलोतो, आप्पांनी चपलांचं सांगितलं.

"कसली गर्दी नि कसलं काय," आई म्हणाली, "एसटीत झोपल्यालं हे, तिथंच इसरल्यात. माझ्या बापानं घेतलेल्या."

आप्पांनी खिडकीची काच खाली घेतली.